आईचे सात अंगठे

"हे ऐका," शिकलगार बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी वही उघडून डोळ्यांसमोर धरली. "धडा सातवा. घराचा दरवाजा वितीनं मोजणे. दादांच्या साडेआठ विती, आईच्या दहा विती, माझ्या तेरा विती. घरच्यांचं म्हणणं : आई म्हणाली, दरवाजा तोच आहे, पण ज्याचा हात लहान त्याला तो मोठा पडतो. म्हणून माणसानं आधी आपला हात दाखवावा आणि मग आकडा सांगावा."

बाईंनी वही खाली घेतली. "बघा. सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, ते मी तुम्हाला दोन दिवस घसा फोडून शिकवतेय. वैजूच्या आईनं ते दोन ओळींत सांगितलं."

पुढच्या रांगेतल्या हणमंतानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. एरवी तो फक्त पेन्सिल मागायला वळायचा.

"वैजू, येत्या शनिवारी आईला शाळेत घेऊन ये," बाई म्हणाल्या. "आठवा धडा त्याच घेतील. इथंच, सगळ्यांसमोर."

मी मान हलवली आणि खाली बाकाकडं बघत राहिले. कारण त्या वहीतलं एक अक्षरही माझ्या आईनं म्हटलेलं नव्हतं. दरवाजा मी एकटीनं मोजला होता. दादांच्या आणि आईच्या विती अंदाजानं ठोकून दिल्या होत्या. आणि प्रत्येक धड्याखाली आईचा म्हणून जो अंगठा होता, तो माझा होता. सात धडे, सात अंगठे, सगळे माझे.

तासगाव तालुक्यातली आमची वाडी आणि चौथीपर्यंतची शाळा. शिकलगार बाई तासगावहून एसटीनं यायच्या. त्या वर्षी फेब्रुवारीपासून त्यांनी 'घरचा धडा' काढला होता. दर शनिवारी विज्ञानाचं नाहीतर गणिताचं काहीतरी छोटं काम द्यायचं. ते घरातल्या मोठ्या माणसाबरोबर बसून करायचं. काय झालं ते वहीत लिहायचं, त्याखाली 'घरच्यांचं म्हणणं' लिहायचं आणि त्या माणसाची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा, आणि शाई नसेल तर तव्याखालची काजळी चालेल, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वाडीत सहीवाले थोडे होते, त्यामुळं सोमवारी सगळ्यांच्या वह्या काळ्या होऊन यायच्या.

पहिला धडा हरभऱ्याचा. वाटीभर हरभरे भिजवायचे आणि सकाळी किती वाट्या होतात ते मोजायचं. मी उत्साहानं हरभऱ्याचा डबा काढून बसले. आई दिवेलागणीला आली. ती बेदाण्याच्या शेडवर डिपिंगला होती. म्हणजे द्राक्षांनी भरलेली जाळी पोटॅश आणि तेल कालवलेल्या पाण्यात बुडवायची, वर काढायची, निथळली की रॅकवर नेऊन पसरायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हेच. त्या पाण्यानं तिच्या हातांची सालं निघत. हंगाम सरेपर्यंत आईच्या हातांना कोकमतेलाचा वास असायचा आणि त्याखाली पोटॅशचा.

"आई, बाईंनी सांगितलंय, तू आणि मी मिळून..."

"शाळंचं शाळंत," आई म्हणाली. "मला भाकऱ्या थापायच्या हायत. ठेव ते हरभरे डब्यात."

दादा, म्हणजे माझे वडील, टेम्पोवर ड्रायव्हर. त्यांनी खाटेवरूनच विचारलं, "बाईंना पगार मग कशाचा मिळतो?" झालं. हरभरे डब्यात गेले.

सोमवारी वर्गात प्रत्येक जण आपापल्या घरचं सांगू लागला. हणमंताचा आज्जा म्हणाला होता, भिजवलाच आहे तर उसळ तरी करा म्हणावं. छबूच्या चुलतीनं फुगलेले हरभरे मोजायच्या आधीच निम्मे खाल्ले होते. वर्ग हसत होता, बाई हसत होत्या. माझ्या घरचं कुणीच काही म्हणालं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी चिंचेखाली बसले आणि छबूच्या वहीवरून आकडा उतरवला, एका वाटीच्या दोन. खाली लिहिलं : आई म्हणाली, हरभरा नुसता फुगतो, जड होत नाही. फुगणं वेगळं आणि वजनदार होणं वेगळं. शाळेच्या खिचडीचा टोप धुवायला काढला होता, त्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि ठसा मारला.

दुपारी बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. वही जरा डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "वाक्य तर झकास आहे," त्या म्हणाल्या. "खरं आहे का, ते मात्र बघायला पाहिजे." मग घंटा झाली आणि तो विषय तिथंच राहिला.

झकास म्हणाल्या, एवढंच मी ऐकलं. मग काय, माझ्या हाताला आळा राहिला नाही. दर आठवड्याला वहीतली आई अधिकाधिक हुशार होऊ लागली. ती दुपारची दारात निवांत बसायची. तिच्या हातांना कसला वास नसायचा. मी शाळेतून आले की ती मला 'वैजयंता' अशी पूर्ण नावानं हाक मारायची आणि विचारायची, आज काय शिकवलं गं? शाळेतून घरी येताना मी तिच्याशी मोठ्यानं बोलत यायचे. खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली होती. घरी येऊन खऱ्या आईकडं बघितलं की माझा चेहरा पडायचा, आणि त्याची मला आज लाज वाटते.

तर ही असली आई मला शनिवारी शाळेत हजर करायची होती.

त्याच सोमवारी शाळा सुटताना मी बाईंना गाठलं. "बाई, आईला ताप आलाय."

"अगंबाई. मग मी संध्याकाळी बघायलाच येते."

"तसा उतरलाय आता."

"सकाळी आला आणि दुपारी उतरला?"

"हो. तिचा ताप असाच असतो."

"बरं झालं मग," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत ठणठणीत होतील."

मंगळवारी संध्याकाळी आई हातांना कोकमतेल चोळत चुलीपुढं बसली होती. मी दाराला टेकून उभी राहिले.

"आई, बाईंनी तुला शनिवारी शाळेत बोलावलंय."

"काय केलंस?"

"काही नाही."

"मग कशाला बोलावतील? माझा काय सत्कार करायचाय व्हय?"

"तसंच काहीतरी," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. रडत रडत मी सगळं सांगितलं. हरभरे, काजळी, अंगठे, दारात बसणारी बाई, सगळं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी खांदे आवळून उभी होते. आईनं तेलाची वाटी बाजूला सारली.

"वही आण."

मी आणली.

"वाच."

"सगळं?"

"सगळं वाच. मी म्हणलेलं हाय न्हवं? मला कळू दे तर काय म्हणले मी."

ती भाकऱ्या थापायला लागली आणि मी वाचायला लागले. पेल्याखाली दिवा विझतो, त्या धड्यावर मी लिहिलं होतं : आई म्हणाली, दिव्यालाही श्वास लागतो, मग तुझे दादा डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतात ते सकाळी जिवंत कसे उठतात कोण जाणे. आईला एकदम हसू आलं, इतकं की तिला पदर तोंडाला लावावा लागला. दादांनी खाटेवरून विचारलं, काय झालं? "काय न्हाई, झोपा तुमी," ती म्हणाली.

सातवा धडा संपला तेव्हा ती हसत नव्हती.

"लई बोलती ही बाई," ती म्हणाली. "हिला कामधंदा न्हाई व्हय?"

"नाही. ती घरीच असते."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आईच्या हातची भाकरी मी कधी करपलेली बघितली नव्हती. तिनं ती उलटली, करपलेली बाजू खरवडली आणि बाजूला ठेवली.

"अंगठा दाव तुझा."

मी हात पुढं केला. तिनं माझा अंगठा आपल्या बोटांत धरून उजेडाकडं फिरवला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यो हरभऱ्याचा धडा परत वाच."

मी वाचला.

"हरभरा जड व्हत न्हाई, हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच लिहिलं."

"भिजवून बघितलावतास?"

"तू डब्यात ठेव म्हणालीस ना."

आईनं राहिलेल्या पिठाचा गोळा मळायला घेतला.

"शनिवारी शेडवर खाडा करीन," ती शेवटी म्हणाली.

"पण तू तिथं सांगणार काय? बाष्पीभवन म्हणजे काय ते मी तुला शिकवते. पाण्याची जी वाफ..."

"तुझे शबूद तुझ्यापाशी ऱ्हाऊ देत."

"तू बाईंना खरं सांगणार?"

"जेव आता."

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आईनं खरं सांगितलं तर बाईंचा माझ्यावरचा विश्वास उडणार, वर्ग मला आयुष्यभर खोटारडी म्हणणार. नाही सांगितलं तर ती तिथं फळ्यासमोर उभी राहणार, कुणीतरी काहीतरी विचारणार आणि तिची फजिती होणार. दोन्हीकडून माझंच मरण होतं. आई मात्र त्याबद्दल एक शब्द बोलेना. बुधवारी तिला यायलाही उशीर झाला, गाडी चुकली म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं मूठभर हरभरे भिजत घातले. एवढ्याशा हरभऱ्यांची उसळ कुणाला पुरणार, असं माझ्या मनात आलं, पण त्या दिवसांत मला उसळीची काळजी नव्हती.

शनिवारची सकाळची शाळा. आई लग्नातली हिरवी साडी नेसून, वायरची पिशवी घेऊन आली. हात तिनं पदराखाली घेतले होते. वर्गाच्या खिडकीत दोन-चार बायका आणि हणमंताचा आज्जा आधीच येऊन उभे होते, कारण हणमंतानं वाडीभर दवंडी पिटली होती.

"या, शालनताई," बाईंनी खुर्ची पुढं केली.

"नगं बाई. वर बसून काम करायची सवय न्हाई मला." ती सरळ फरशीवर बसली. मग मुलंही बाकं सोडून तिच्याभोवती गोल करून बसली. मी सगळ्यांत मागं, दाराजवळ.

आईनं पिशवीतून फडक्यात बांधलेली हिरवी द्राक्षं काढली आणि दुसऱ्या फडक्यातून बेदाणे.

"हे दोन्ही एकाच बागंतलं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की खिडकीतल्या बायका पुढं वाकल्या. "पंधरा दिसांमागं हे बेदाणं बी असंच हिरवं, गुबगुबीत व्हतं. बाई, तराजू हाय का?"

विज्ञानाच्या पेटीतला तराजू बाईंनी आधीच काढून ठेवला होता.

"पोरींनो, ह्या पारड्यात पंचवीस द्राक्षं टाका, त्या पारड्यात पंचवीस बेदाणं."

पोरींनी मोजून टाकलं. द्राक्षांचं पारडं धाडकन खाली बसलं.

"मोजलं तर दोन्ही पंचवीसच. मग हे खाली का गेलं?"

"द्राक्षं जड आहेत," छबू म्हणाली.

"किती जड?"

छबूनं खांदे उडवले. आई म्हणाली, "मला बी आकड्यात सांगता यायचं न्हाई. बेदाणं टाकत ऱ्हावा, दोन्ही पारडी सारखी हुईपर्यंत. आणि मोजा."

पोरी टाकत राहिल्या. पन्नास, साठ, ऐंशी. शहाण्णवाला काटा थरथरला आणि शंभराला जागेवर आला. बाईंनी फळ्यावर लिहिलं. आता पोरांची पाळी आली. त्यांनी आपली पंचवीस द्राक्षं मोजून घेतली, पारड्यात टाकली आणि बेदाणे टाकत गेले. ऐंशीलाच पारडी सारखी झाली.

"ऐंशी," हणमंत म्हणाला. "आमची द्राक्षं हलकी निघाली, काकू."

आईनं पारड्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ऐंशी आलं व्हय? मग पाच द्राक्षं कुणाच्या पोटात गेली?"

वर्गात क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पारड्यातली द्राक्षं मोजली तर बरोबर वीस भरली. हणमंतानं गालातलं शेवटचं द्राक्ष गिळलं आणि खिडकीतून त्याचा आज्जा म्हणाला, "सापडलास न्हवं?" वर्ग हसून हसून लोळायला लागला. बाईंनी डोळे पुसले. मी मात्र हसायचं विसरून आईकडं बघत बसले होते. तिनं हा हिशेब फळ्याकडं न बघता, एका दमात केला होता.

"एका द्राक्षाचं वजन चार बेदाण्यांएवढं," आई म्हणाली. आता तिचा आवाज नीट सुटला होता आणि हात पदरातून कधी बाहेर आले ते तिलाही कळलं नव्हतं. "आणि वाळून त्याचा बेदाणा होतो एकच. मग तीन बेदाण्यांएवढं गेलं काय?"

"पाणी," चारपाच जण ओरडले.

"कुठं गेलं?"

"खाली गळलं," छबू म्हणाली.

"खाली गळलं असतं तर शेडात चिखल झाला असता. पयला दिवस निथळतं तेवढंच. मागनं पंधरा दिवस फरशी कोरडी ठणठणीत असती. मी रोज झाडती."

छबू विचारात पडली. "मग वाऱ्यानं नेलं."

"वाऱ्यानंच नेलं. म्हणून तर शेडाला भिंती नसत्यात."

बाईंनी वर्गाकडं बघितलं. "याला आपण काय म्हणतो?"

"बाष्पीभवन," मी मागून म्हणाले. आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मंगळवारनंतर पहिल्यांदाच ती थोडीशी हसली.

धडा संपला असं मला वाटलं. मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात हणमंतानं हात वर केला. द्राक्षांचा डाग धुऊन काढायचा म्हणून असेल, त्यानं नेमका नको तो प्रश्न विचारला.

"काकू, पाणी गेल्यावर द्राक्ष हलकं होतं. मग पाणी प्यायल्यावर हरभरा जड का होत नाही? तुम्हीच म्हणाला होता ना, हरभरा नुसता फुगतो?"

बाई खडूची पेटी बंद करत होत्या, त्यांचा हात थांबला.

"व्हय, म्हणले व्हते मी," आई म्हणाली. अगदी सहज. "फुगणं वेगळं आणि वजनदार होणं वेगळं, असं म्हणले व्हते. दिसायला शहाणपणाचं वाटलं म्हणून बोलून गेले. पण ते चूक व्हतं, बाळा."

तिनं वायरच्या पिशवीत हात घातला आणि दोन पुरचुंड्या काढल्या. एकीत कोरडे हरभरे होते, दुसरीत भिजवलेले. शुक्रवारचे. तिनं दोन्ही हणमंताच्या ओंजळीत ठेवल्या. "पंचवीस-पंचवीस टाक. आणि खाऊ नगंस."

हणमंतानं टाकले. भिजलेल्या हरभऱ्यांचं पारडं खाली गेलं.

"बगितलंस? मी तवा भिजवून न बगताच बोलले. असं करू ने. करून बगावं आणि मग बोलावं. मला त्या दिवशी सवड नव्हती, ही माझी चूक."

ती हे हणमंताला सांगत होती. पण शेवटचं वाक्य बोलताना तिची नजर हणमंताच्या डोक्यावरून दाराकडं आली होती. मी गुडघ्यांत तोंड घातलं. मार खाल्ला असता तर मी दोन दिवसांत विसरले असते. माझं खोटं तिनं सगळ्या वर्गासमोर आपल्या अंगावर घेतलं होतं, ते दुरुस्तही केलं होतं आणि मला उघडं पडू दिलं नव्हतं.

मुलं बेदाण्यांवर तुटून पडली तेव्हा बाईंनी माझी वही मागितली. 'धडा आठवा' असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. "घरच्यांचं म्हणणं काय लिहू, शालनताई?"

"लिवा, करून बगितल्याबिगर बोलू ने."

बाईंनी लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं केलं. आईनं अंगठा टेकवला, वहीवर दाबला. मी बाजूलाच उभी होते. अंगठा उचलला तर कागदावर नुसता जांभळा डाग होता. एकही रेघ नाही. पोटॅशच्या पाण्यानं तिच्या बोटांच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. आणि शेजारच्या पानावर माझा सातवा अंगठा होता, चिमुकला, वर्तुळात वर्तुळ, सगळ्या रेषा जागच्या जागी.

बाईंनी दोन्ही पानं बघितली. मग टिपकागद ठेवला, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "सांभाळून ठेव," एवढंच म्हणाल्या.

घरी जाताना आई निम्म्या वाटेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "ती वहीतली बाई दुपारची दारात बसती न्हवं?"

"हो."

"मला ते जमायचं न्हाई, वैजे."

"नाही जमलं तर नाही," मी म्हणाले.

"पर शनवारी भाकऱ्या झाल्यावर बसीन थोडी तुझ्यासंगं."

आणि ती बसली. परीक्षेपर्यंत चार शनिवार उरले होते, चारही शनिवार बसली. कधी डुलक्या घेत, कधी हातांना तेल चोळत. पण प्रत्येक गोष्ट आम्ही खरोखर करून बघितली. त्या चार धड्यांखाली चार जांभळे डाग आहेत. शाईची बाटली तिनं स्वतः बाजारातून आणली होती.

पुढं मी शिकले. तालुक्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली, रक्ताच्या तपासण्या करते. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा पेढे घेऊन तासगावला बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. चहा झाल्यावर इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं.

"बाई, ते अंगठे माझे होते. तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच सोमवारी." त्या हसल्या. "मागच्या हंगामात शाळेच्या एका कागदावर तुझ्या आईचा अंगठा चारदा घेतला होता मी. चारही वेळा नुसता डाग. आणि तू आणलास तो केवढा, तर करंगळीएवढा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? खोटं लिहिलंस म्हणून रागावले असते तर तू लिहायचीच थांबली असतीस. तुला घरी कुणीतरी बोलायला हवं होतं, ते दिसत होतं गं. म्हटलं, आज ना उद्या खरा अंगठा येईल. सात आठवडे वाट बघितली आणि मग मीच बोलावणं धाडलं." त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला. "पण मी बोलावलं म्हणून ती आली, असं समजू नकोस. त्या शनिवारच्या आधी, बुधवारीच आली होती माझ्याकडं, शेडवरून परस्पर, इथं तासगावात. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, बाई, वहीत लिवलंय ते सगळं मीच बोलले असं धरा. एक चुकलंय, ते शनिवारी मी नीट करते. पोरीला मात्र काय बोलू नका."

त्या बुधवारी गाडी चुकली, असं आई म्हणाली होती. दिवसभर जाळी बुडवून, ओल्या साडीनं ती सहा मैल उलट्या दिशेला गेली होती आणि परत येऊन तिनं भाकऱ्या थापल्या होत्या. घरी गेल्यावर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आसंल. मला काय आठवत न्हाई." मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, सणवार नसताना हे काय.

रोज दवाखान्यात रिपोर्टवर सही करताना मी नळी पुन्हा एकदा उजेडात धरून बघते. बरोबरचे लोक चेष्टा करतात, करोत. मला जे काही येतं ते या दोन बायकांनी मला त्या शनिवारी शिकवलेलं आहे, आणि दोघींनीही ते मला न लाजवता शिकवलं. याची फेड मला या जन्मात तरी जमणार नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन रेशनच्या दुकानात गेले होते. आता तिथं अंगठ्याचं यंत्र आहे. आईनं अंगठा ठेवला, यंत्रानं नाही म्हटलं. दुकानदारानं ओलं फडकं दिलं, तिनं पुसून पुन्हा ठेवला. उजवा झाला, डावा झाला, बोटं झाली.

"आजींच्या बोटांना रेषाच नाहीत," दुकानदार म्हणाला. मग कार्ड उलटून बघितलं. "ताई, याच्यावर तुमचंही नाव आहे की. त्यांच्या जागी तुम्ही लावा अंगठा, चालतो."

मी आईकडं बघितलं. ती पिशवीचं तोंड उघडून धान्य घ्यायला तयार उभी होती.

"लाव की," ती म्हणाली. "तुला सवय हाय."